शेपूट आलं का?

आमचा दादा गेला तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरने सांगितलं, शेवटच्या दिवशीसुद्धा त्याने तिची चूक काढली. सात नंबरच्या वॉर्डात होता, छातीत कफ भरलेला, दोन शब्द बोलला की धाप. तरी अंगावरच्या चादरीचा कोपरा उलटा करून बघितला आणि म्हणाला, सिस्टर, ही नऊ नंबरची चादर आहे, इकडे कशी आली. सिस्टर म्हणाली, काका, ऊब येतेय ना, मग पडून राहा. तो राहिला पडून, पण मनाला लागलं असणार. त्याच हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत एकतीस वर्षं काढली होती त्याने.

घरात कोणी दादाबद्दल विचारलं की सगळे एवढंच सांगायचे, कामावर जातो, घरी येतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात. लग्न झालं होतं, चार वर्षांत मोडलं. का मोडलं ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही खोदून विचारलं नाही. हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, चपलांच्या दुकानाच्या वर, तिसऱ्या मजल्यावर एक खोली. खोलीत पलंग, टेबल आणि खुर्ची एकच. धाकटी बहीण एकदा गेली होती, तर ती खुर्चीवर आणि दादा पलंगावर, मध्ये टेबल, जशी काय नोकरीची मुलाखत चाललीय. ती हसली. म्हणाली, दादा, दुसरी खुर्ची घे की. तो म्हणाला, दोन-दोन खुर्च्यांवर एकटा कसा बसू. गंमतच केली होती त्याने. पण खुर्ची काही घेतली नाही.

लॉन्ड्री तळघरात. खिडकी नाही, नुसती वाफ. मोठा गरम रोलर असतो, एका बाजूने दोघांनी ओली चादर धरून आत सोडायची, दुसऱ्या बाजूने दोघांनी कोरडी ओढून घ्यायची. रोलरच्या पलीकडे दादाचा जोडीदार. अठरा वर्षं दोघं समोरासमोर उभे, पण यंत्राचा आवाज एवढा की सगळं बोलणं हातवाऱ्यांनी. तिथे चादरी सगळ्या पांढऱ्या, सदरे सगळे हिरवे, एकासारखा एक. ओळखायचं कोपऱ्यावर टाचलेल्या नंबरावरून. दादाचा नियमच होता, कोपरा बघितल्याशिवाय कपडा हातावेगळा करायचा नाही. नवीन माणूस आला की पहिला धडा हाच. जोडीदार म्हणतो, एकतीस वर्षांत दादाच्या हातून एका वॉर्डाची चादर दुसऱ्या वॉर्डात गेली नाही.

आणि हो, दादा धावायचा. हे तर आधीच सांगायला हवं होतं. तळघरातून वर आला की त्याला मोकळी हवा लागायची, म्हणून आधी चालायला लागला, मग धावायला. जोरात नाही. त्याचं धावणं बघून लोक विचारायचे, पाय दुखतोय का. शहराबाहेर कालवा आहे, त्याच्या पलीकडे शेतं, मग जंगल, आणि पानगळ सुरू झाली की तिथल्या पायवाटेवर हाफ मॅरेथॉन असते. एकवीस किलोमीटर. खेळाचे एक निवृत्त मास्तर ती भरवतात. दादाने पहिल्यांदा भाग घेतला तेव्हा सगळ्यात शेवटी आला, म्हणजे एवढा शेवटी की मास्तर स्वतः वाटेवर शोधायला निघाले होते. त्यांनी बघितलं, घामाघूम झालाय पण तक्रार नाही. म्हणाले, पुढच्या वर्षी असाच शेवटी येणार असशील तर येता-येता फिती काढत ये.

हेच ते काम. पायवाटेवर रस्ता कळावा म्हणून झाडांना, कुंपणांना लाल फिती बांधतात. सगळे धावून गेले की त्या कोणीतरी काढायला लागतात. तर जो सगळ्यांच्या मागून येतो तो पिशवी घेऊन एकेक फीत सोडवत येतो, कोणी लंगडत असेल तर सोबत करतो, आणि त्याच्यामागे कोणी उरलेलं नसतं. त्याला तिकडे शेपूट म्हणायचे. नऊ वर्षं आमचा दादा शेपूट होता.

आम्ही चिडवायचो. भाचा म्हणायचा, मामा, या वर्षी पण शेवटचा नंबर पटकावलात का. दादा हसायचा. आम्हाला त्यात काय मोठं ते कळलंच नाही, आणि तिथे जाऊन बघावं असं तर कधी डोक्यातही आलं नाही. जोडीदाराला मात्र त्याने एकदा सांगितलं होतं, जेवायच्या सुट्टीत, रोलर बंद असताना. म्हणाला, तिथे शेवटच्या रेघेपाशी सगळे थांबलेले असतात. पाणीवाल्या, डॉक्टर, मांडववाले, टेम्पोवाला. शेपूट आल्याशिवाय कोणाला आवरता येत नाही. मास्तर भोंग्यावरून सारखे विचारतात, शेपूट आलं का, शेपूट आलं का. मग मी वळणावर दिसतो आणि सगळे ओरडतात, आलं, आलं. एवढं सांगून डबा बंद केला आणि उठला. जोडीदार म्हणाला, मला तेव्हाच समजलं, हा वर्षभर कशावर जगतो.

मग गुडघा बोलायला लागला. आठव्या वर्षी दादा वीस मिनिटं उशिरा आला. मास्तर चांगले माणूस, पण त्यांनाही वरच्या परवानग्या असतात, बारा वाजता रस्ता मोकळा करून द्यायचा असतो. त्यांनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या वर्षी बारा म्हणजे बारा. नाही जमलं तर मला सायकलवाली दोन पोरं ठेवावी लागतील, राग मानू नकोस. दादाने राग मानला नाही. वर्षभर गुडघ्याला पट्टी बांधून जिने चढला-उतरला. सिगारेट ओढत नव्हताच, नाहीतर तीही सोडली असती. बारा म्हणजे बारा, एवढंच डोक्यात.

तर त्या नवव्या वर्षीची गोष्ट. पुढचं सगळं आम्हाला नंतर कळलं, थोडं जोडीदाराकडून, थोडं एका बाईकडून. ती बाई कोण ते येईलच.

सकाळी धुकं होतं. शेतं कापून झालेली, नुसते खुंट उभे, गवताचे भारे जागोजागी. आठ वाजता सगळे सुटले आणि सगळ्यात मागे दादा, खांद्याला पिशवी. शेपटाने पळणाऱ्यांची तोंडं बघायची नसतात, पाठ बघायची असते. शेवटची पाठ कोणाची ते हेरायचं आणि तिला नजरेआड होऊ द्यायचं नाही, तिच्या मागच्या फिती सोडवत जायच्या. त्या दिवशी शेवटची पाठ पिवळी होती. पिवळा टी-शर्ट, जरा जाडसर बाई, चालत-पळत, पळत-चालत. दहा किलोमीटरला पाण्याचं टेबल, तिथे तिचा नंबर लिहिला गेला. मग जंगल लागलं. पानं एवढी पडलेली की वाट कुठली आणि वाट नाही कुठली ते फितीशिवाय कळायचं नाही. एका वळणावर पिवळी पाठ नाहीशी झाली. दादाने पाय उचलला, वळण घेतलं, तर पुढे शंभर पावलांवर पिवळी पाठ होतीच. जीव भांड्यात पडला. घड्याळ बघितलं, वेळ हाताशी होती. गुडघाही गप्प होता. मग तो त्या पाठीमागून फिती काढत निघाला.

पंधरा किलोमीटरच्या टेबलावर पाणी देणाऱ्या दोघी बहिणी बसल्या होत्या, यादी घेऊन. दादा पाणी प्यायला आणि त्याने विचारलं, सगळे गेले ना? थोरली म्हणाली, एक राहिलाय, दोनशे चौदा. दादा म्हणाला, कसा राहील, शेवटचा आत्ताच माझ्यासमोर गेला इथून. धाकटी म्हणाली, तो एकशे सत्त्याऐंशी. पुरुष होता, मिशा होत्या त्याला. ऑफिसची माणसं आहेत ती, बारा जण, सगळ्यांचे टी-शर्ट पिवळेच आहेत.

दादा जोडीदाराला सांगताना म्हणाला होता, मला रडूच यायचं बाकी राहिलं. आयुष्यभर सारख्या कपड्यांतून सारखा कपडा वेगळा काढला, आणि दोन पिवळ्या टी-शर्टांत फसलो. कोपरा बघितलाच नाही मी.

दहापासून पंधरापर्यंतची एकेक फीत त्याच्या पिशवीत होती. मध्ये जंगलात तीन वाटा फुटतात ती जागाही त्यात आली. बहिणींनी मास्तरांना फोन लावून दिला. मास्तर म्हणाले, तू पुढे ये, मी जीप पाठवतो. दादा म्हणाला, जीप जंगलात शिरत नाही, मास्तर. मास्तर म्हणाले, मग माणसं पाठवतो, अर्ध्या तासात पोचतील, तू ये, साडेदहा होऊन गेलेत, बारा वाजता मला मोकळं करायचंय. तू नाही आलास तर मी इकडे काय सांगू?

दादाने मागे जंगलाकडे बघितलं. मग म्हणाला, "माणसं येईपर्यंत ती कुठे थांबेल? तिला कुठे थांबायचं तेच कळणार नाही. फिती माझ्याकडे आहेत."

माणसं पाठवू नका, मीच आणतो, म्हणून सांगितलं, फोन बहिणींच्या हातात दिला आणि उलटा फिरला.

आता उलटं जाताना तो फिती परत बांधत चालला. म्हणजे आपली चुकामूक झाली तरी ती बाई फिती बघून येईल. गुडघ्याने आता तोंड उघडलं होतं. तीन वाटा फुटतात तिथे आला तर कोणी नाही. हाक मारायची, पण कशी? नाव माहीत नाही, तोंडही बघितलेलं नाही. मग आमचा दादा, जो कधी बसमध्येसुद्धा मोठ्याने बोलला नाही, तो जंगलात उभा राहून ओरडायला लागला. दोनशे चौदा. दोनशे चौदा हो. पानांची सळसळ, दुसरं काही नाही. डावीकडच्या वाटेने गेला, ओरडला, परत आला. उजवीकडच्या वाटेने गेला.

बाई तिथे होती, एका आडव्या पडलेल्या खोडावर बसलेली. तिने त्याच्या हाका ऐकल्या होत्या, पण तिला वाटलं लाकूडतोडे झाडं मोजतायत. नंबर तिच्याच पोटावर लावलेला, पण तो लोकांनी वाचायचा असतो, तिने कुठे वाचला होता. दादा दिसला तेव्हा तिने पायातला एक बूट हातात धरला होता, म्हणजे वेळ आली तर मारायला.

दादा म्हणाला, ताई, मी शेपूट. ती म्हणाली, काय?

मग त्याने समजावून सांगितलं. तिने तिचं सांगितलं. बूट चावत होता, शिवाय पोट भरून पाणी प्यायलेलं, म्हणून वाटेतून जरा आत झुडपामागे गेली होती. आवरून, पायाला रुमाल गुंडाळून बाहेर आली तर समोरच्या झाडावर फीत नव्हती. "मघाशी होती हो. मी बघितली होती. मला वाटलं माझंच डोकं फिरलं."

"होती. मी काढली."

"का पण?"

"कामच आहे माझं."

"बरं काम शोधलंत," असं म्हणून ती हसायला लागली, आणि हसता-हसता रडली. दादाने पिशवीतल्या फिती पुढे केल्या डोळे पुसायला. तेवढंच होतं जवळ.

ती बसस्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसते. बावीस वर्षं झाली. दिवसभर लोक विचारतात ही गाडी कधी, ती गाडी कुठे, आणि ती सांगते. चालताना दादाला म्हणाली, सगळ्या जगाला वाट सांगते आणि स्वतः एवढ्याशा जंगलात हरवले, ऑफिसात सांगायची सोय नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, माझ्या लोकांनी शोधाशोध केली असेल नाही? दादा म्हणाला, केलीच असेल.

सात-आठ किलोमीटर दोघं चालले. ती लंगडत, हा लंगडत. फिती आता दोघं मिळून सोडवत होते, ती उजवीकडच्या, तो डावीकडच्या. बाई म्हणते, तुमच्या दादांनी स्वतःबद्दल फार काही सांगितलं नाही, पण चादरीचा कोपरा कसा धरायचा ते सांगितलं, घडी कशी घालायची ते सांगितलं, आणि मी विचारलं घरी कोण-कोण, तर म्हणाले, बहीण आहे, भाचा आहे, सगळे आहेत. एकदा तिने विचारलं, मग शेवटचा नंबर माझा ना? दादा म्हणाला, "मी असताना तुमचा कसा? माझ्या मागे या मग बघू."

"तुम्ही नऊ वर्षं हेच करताय?"

"हो."

"कंटाळा नाही आला?"

दादा म्हणाला, तिथे थांबलेले असतात ना सगळे. घड्याळाकडे बघायचं त्याने कधीच सोडून दिलं होतं. दोन वाजत आले होते.

वळण घेतलं तर मैदान रिकामं. कमान उतरवून नेलेली, खुर्च्या गेल्या, टेम्पो गेला. गवतावर शेवटची पांढरी रेघ तेवढी होती, तीही पायांनी पुसट झालेली. कोणी ओरडलं नाही. मास्तरांची गाडी उभी होती आणि मास्तर बाहेर उभे होते, फोन हातात. ते धावत आले, आधी बाईला विचारलं लागलं का, पाणी दिलं. बाईने आपल्या ऑफिसच्या लोकांबद्दल विचारलं. मास्तर जरा घुटमळले. मग म्हणाले, त्यांची गाडी पावणेबारालाच गेली, फोटो काढून. त्यांना वाटलं तुम्ही बसने गेलात.

बाई म्हणाली, असं होय. आणि पाणी पीत राहिली.

मग मास्तरांनी दादाकडे बघितलं. दादाने काही बोलायच्या आधी बाईच बोलली, मीच वाट सोडून भलतीकडे गेले, यांचा काही दोष नाही, उलट यांनीच मला आणलं. आता इथे दादा गप्प बसला असता तरी भागलं असतं. मास्तरांनी वाच्यता केली नसती, वर पाठ थोपटली असती, आणि बारा वाजल्याचंही कारण मिळालं असतं. बाई म्हणते, मी त्यांना डोळ्यांनी खुणावलं पण, गप्प राहा म्हणून.

दादा म्हणाला, "फिती मी काढल्या. या मागे होत्या आणि मी नंबर बघितला नाही."

मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, उशीर मी एखाद्या वेळी पोटात घातला असता. पण शेपटाच्या मागे माणूस राहिला, हे कसं घालू, तूच सांग. दादा म्हणाला, नाही, बरोबर आहे. खांद्यावरची पिशवी काढली, फिती एकदा हाताने दाबून नीट बसवल्या आणि पिशवी त्यांना दिली. मास्तर गाडीने सोडतो म्हणाले. दादा म्हणाला, बस आहे. बाईही त्याच्याबरोबर थांब्यापर्यंत आली. तिची बस आधी आली. खिडकीतून तिने हात केला, तो दादाने बघितला की नाही कोण जाणे, तो खाली बघून गुडघ्याची पट्टी सोडत होता.

पुढच्या वर्षी पानगळीत ती बाई पुन्हा पळायला गेली. ऑफिसबरोबर नाही, एकटी. मुद्दाम हळू पळाली. दर वळणावर मागे वळून बघितलं. मागून सायकलवाली दोन पोरं येत होती, आपापसांत गप्पा मारत, फिती तोडत. सोडवत नव्हती, तोडत होती. तिने विचारलं, ते जुने शेपूट कुठे आहेत? पोरं म्हणाली, आम्हाला नाही माहीत, ताई, तुम्ही जरा पाय उचला.

त्या दिवशी दादा कुठे होता ते जोडीदाराला माहीत आहे. रविवारी लॉन्ड्री अर्धी चालते, आणि दादाने आपणहून ड्युटी मागून घेतली होती. सकाळी सहा ते दुपारी दोन. जोडीदाराने पलीकडून हातानेच विचारलं, आज इथे कसा? दादाने रोलरकडे बोट दाखवलं, म्हणजे काम कर.

आणि त्या संध्याकाळी आमच्या धाकट्या बहिणीने त्याला फोन केला होता. हे आता सांगताना तिला हुंदका आवरत नाही, म्हणून आम्हीच लिहितो. वर्षातून त्या दिवशी ती आठवणीने फोन करायची, बाकी कौतुक आम्हाला जमलं नाही पण एवढं ती करायची. तिच्या हातात काम होतं, फोन खांद्यावर धरलेला. तिने विचारलं, झाली का रे तुझी शर्यत? म्हणाला, झाली. तिने विचारलं, सगळे आले नीट? म्हणाला, सगळे आले.

"आणि शेवटी कोण आलं?" तिने हसत विचारलं.

"मीच की," दादा म्हणाला.

"थांबले होते का तुझ्यासाठी?"

तिला वाटलं फोन कट झाला. मग तो म्हणाला, "थांबले होते. चल, ठेवतो. तुझं काम चाललंय."